वरचा दम, खालचा दम

(द्वितीय वर्ष, कला)

पोहणे मला कुणी शिकवले नाही. मला विहिरीत ढकलून दिले, एवढेच. त्या वेळी मी सात वर्षांचा होतो. पाठीला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बांधलेला, कमरेला कासरा आणि कासऱ्याचे दुसरे टोक आण्णांच्या हातात. आजोबा कठड्यावर बसून सांगत होते की त्यांच्या वेळी वाळलेले भोपळे बांधत, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा. मी रडत होतो. आण्णा म्हणाले, "दम धर, लेका. दम धरला की पाणी आपसूक वर ढकलतं." आणि ढकलले.

आमचे गाव पैठणच्या रस्त्याला, शहरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. गावाला नदी नाही, तळे नाही. आहेत त्या विहिरी. काळ्या पाषाणात सुरुंग लावून खोदलेल्या, पन्नास-साठ फूट खोल. पोरांचे सगळे उन्हाळे तिथेच जातात. कुणी सूर मारतो, कुणी मुटका मारून कठड्यावरच्या म्हाताऱ्यांना भिजवतो आणि शिव्या खातो. तळाची मूठभर माती वर आणून दाखवली की पोरगा मोठा झाला असे आमच्याकडे धरतात. मी ती माती बाराव्या वर्षी आणली.

पाण्याखाली काय असते याचे मला लहानपणापासून वेड होते, आणि त्याला कारण आजी. जायकवाडीचे धरण १९७६ साली झाले. नाथसागराच्या पाण्याखाली जी शंभरावर गावे गेली त्यात आजीचे माहेर होते. दिवाळीला शेजारच्या बायका माहेरी निघाल्या की आजी हसून म्हणायची, "माझ्या माहेरी जायचं तर आता बुडी मारावी लागंल." तिच्या त्या हसण्यामागचे मला तेव्हा कळत नव्हते. मला वाटायचे, खरेच एक दिवस बुडी मारावी आणि आजीच्या दारातली तुळस बघून यावी.

आण्णा शेतकरी आहेत. तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते पाण्यातला माणूस म्हणून. कुणाची मोटार विहिरीत सुटून पडली, फुटव्हॉल गाळात रुतला, पाइप निसटला, की मोटारसायकल आमच्या दारात येते. आण्णा विडी विझवतात, टॉवेल खांद्यावर टाकतात आणि निघतात. मोटार काढून दिली की हजार-पाचशे मिळतात, कळशी काढली की चहा. आणि माणूस काढला तर काहीच नाही. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, असे ते म्हणतात. नापिकीच्या वर्षांत हे काम त्यांना कितीदा करावे लागले ते त्यांनी घरात कधी सांगितले नाही. त्या दिवशी ते जेवत नसत, यावरून आम्हाला कळे. पंचनाम्यावर त्यांची सही घेतात, आणि धंद्याच्या रकान्यात लिहितात, 'शेती'.

या कामाचे त्यांच्याजवळ कसलेही प्रमाणपत्र नाही. पण शिस्त आहे. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्याआधी ते पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. वाटेत ज्योत मंदावली की तिथून परत. विहिरीत जड वायू साचून राहतो, तो दिसत नाही, त्याला वास नसतो. "कंदील इझला तर माणूस इझतो," एवढेच त्यांचे शास्त्र. खोल जाताना नाक दाबून कानातून हवा काढायची, हेही त्यांनीच मला शिकवले. आणि सगळ्यात वरचा नियम एकच: दम धरायचा. पाण्यात घाबरला तो दम सोडतो, आणि दम सोडला तो गेला.

दहावीनंतर मी शहरात आलो. आण्णा अजून त्याला औरंगाबादच म्हणतात. माझ्या ओळखपत्रावर छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. प्रवेशाच्या वेळी किती कागद लागतात हे पाहून आण्णा थक्क झाले होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. तहसीलच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "तू माझ्या पोटचा हाइस, याचाबी दाखला लागंल का रं?" मी हसलो, पण मनात म्हणालो की आण्णांना यातले काही कळत नाही. पुढे दोन वर्षांत तो विचार माझ्या मनात बऱ्याचदा आला. तो मी आज इथे कबूल करतो, कारण पुढची हकीकत त्यावाचून सांगता येणार नाही.

यंदा डिसेंबरात आमची सहल कोकणात गेली. एक रात्र आणि जवळजवळ अर्धा दिवस बसमध्ये काढून आम्ही मालवणला पोचलो. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. सरांनी सिंधुदुर्ग दाखवला. कुरटे बेटावर १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला आणि चहूकडून आपटणारे खारे पाणी. आमच्या विहिरी आठवून मला उगाच लाजल्यासारखे झाले. तिथल्या धक्क्यावर पाट्या होत्या: स्कूबा डायविंग. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि समुद्राच्या तळाशी जायचे. पोहता येत नसले तरी चालेल, असेही पाटीवर होते. मला हसू आले. ज्याला पोहता येत नाही तो तळाशी जाणार, मग मी तर काय!

पैसे बरेच होते. आईच्या तीन दिवसांच्या खुरपणीएवढे. मी मनाशी तो हिशेब केला आणि तरी दिले. एकाने फॉर्म पुढे केला. छापील, इंग्रजी, बारीक अक्षरात. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचा त्रास आहे का, आणि काही झाले तर जबाबदारी आपली. माझ्या आजोबांनी आयुष्यभर न वाचता अंगठे उठवले, कारण त्यांना वाचता येत नव्हते. मला वाचता येत होते. मीही न वाचताच सही केली, इंग्रजीत, झोकात.

मग होडीत दहा मिनिटांचे शिक्षण झाले. आम्हाला शिकवणारा पोरगा माझ्याच वयाचा असेल. काळासावळा, खाऱ्या पाण्याने केस पिंगट झालेला. त्याने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'वर न्या', बोटांचे वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, श्वास फक्त तोंडाने. आणि शेवटी म्हणाला, "श्वास घेयत रवा. काय झाला तरी श्वास थांबवू नको." बाकीची पोरे घाबरून ऐकत होती. मी समुद्राकडे पाहत होतो. पाण्यात श्वास कसा सांभाळायचा हे मला कुणी शिकवायचे?

खाली गेलो. वीस-पंचवीस फूट असेल. तो पोरगा माझ्या पाठीची टाकी धरून बरोबर होता. कान दडपले, तसे मी मुखवट्यावरून नाक दाबून ते मोकळे केले. त्याने बोटांचे वर्तुळ करून शाबासकी दिली. मी फुशारलो. मग समोर जे दिसले ते मला नीट सांगता येणार नाही. विहिरीच्या पाण्यात हिरवा अंधार असतो. इथे उजेड होता. खडकावर प्रवाळ होते, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हाताजवळून निवांत जात होते, आणि मला आजीच्या माहेरची आठवण झाली. तिच्या दारातही आता असेच मासे फिरत असतील.

तेवढ्यात मुखवट्याच्या कडेने पाणी आत आले. थोडेच होते, पण खारे होते. डोळे झोंबले, नाकात गेले, आणि मी घाबरलो. घाबरल्यावर माणूस शिकवलेले करत नाही. लहानपणी अंगात मुरलेले करतो. मी नळीतून छातीभर हवा ओढली, दम धरला आणि वर जाण्यासाठी जोरात पाय मारले.

माझा पाय कुणीतरी धरला. तो पोरगा मला वर जाऊ देईना. मी धडपडलो, तसा तो समोर आला आणि त्याने माझ्या पोटावर, बरगड्यांखाली, हात दाबला. एकदा, दोनदा. माझ्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला. मग माझे खांदे धरून, माझ्या डोळ्यांत पाहत, स्वतः बुडबुडे सोडून दाखवत त्याने मला हळूहळू वर आणले. वर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो, "मी बुडत होतो आणि तू पाय धरतोस?" तो म्हणाला, "बुडत नाय होतस. फुटत होतस."

होडीच्या कडेला बसून त्याने मला जे सांगितले ते मी जन्मात विसरणार नाही. तो म्हणाला, "तू चांगलो पोवतस, म्हणानच माका भीती वाटली. पोवणारे दम धरतत."

गोष्ट साधी होती. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. खाली दाबाने ती आक्रसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. दम धरला तरी छातीत हवा तेवढीच. टाकीतली हवा मात्र आपण खाली, दाबाखाली घेतो. तेहतीस फुटांवर घेतलेली छातीभर हवा वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते, आणि छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटते, हवा रक्तात शिरते, ती मेंदूपर्यंत गेली तर माणूस तिथेच संपतो. त्यासाठी फार खोलीही लागत नाही; चार-पाच फुटांवर पूर्ण छाती भरून दम धरला तरी पुरते. ज्या एका नियमाने आण्णांनी मला बारा वर्षे पाण्यात जिवंत ठेवले होते, तोच मला तिथे मारणार होता.

तो पोरगा दहावी नापास होता. बाप रापणीवर जाणारा मच्छीमार. त्याने पाकिटातून एक कार्ड काढून दाखवले. परीक्षा देऊन मिळवलेले, स्वतःच्या फोटोचे. जगभर अशी कार्डे चालतात. ती देणाऱ्या संस्थांपैकी 'पॅडी' ही अमेरिकेत १९६६ साली स्थापन झाली. आपल्याकडे तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पहिल्या पायरीचे शिक्षण घेतलेला माणूस साठ फुटांपर्यंत जाऊ शकतो; माझ्यासारख्या विनाशिक्षित हौशाला शिक्षकाचा हात धरून चाळीस फुटांपर्यंत, तेवढेच. तो म्हणाला की त्यानेही पहिले दोन हंगाम कार्डावाचूनच काढले होते, एकाचे बघून दुसरा शिकला तसे. "मग शिकूक गेलंय, तेव्हा कळला दोन वर्सां काय काय चुकीचा करत होतंय. मरूक नाय, ह्या नशीब." हे सांगताना तो हसत होता. मी हसलो नाही.

परत आल्यावर मी ग्रंथालयात बसू लागलो. माझा विषय इतिहास, पण डोक्यात तो दाब बसला होता. विज्ञान शाखेच्या एका सरांना भीत भीत गाठले. त्यांनी फळ्यावर बॉइलचा नियम लिहिला. रॉबर्ट बॉइलने तो १६६२ साली मांडला. दाब दुप्पट, तर आकारमान निम्मे. पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेण्याचे आजचे साधन कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली तयार केले. आणि पाणबुड्यांनी खोलातून टप्प्याटप्प्याने वर यावे, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो, याची कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली दिली. हे हाल्डेन मुळात कोळशाच्या खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे. वायू ओळखण्यासाठी खाणीत छोटे प्राणी-पक्षी सोबत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आला, इथलाच झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. सर हे सांगत होते आणि मला आण्णांचा कंदील दिसत होता. खाणीत पक्षी नेणारा तो साहेब आणि विहिरीत कंदील सोडणारे माझे वडील एकाच प्रश्नाशी झगडत होते. फरक इतकाच की साहेबाने जे पाहिले ते लिहून ठेवले.

मार्चमध्ये शनिवारी गावी गेलो तर घरात वेगळेच चालले होते. शेजारच्या गावातल्या एका बागाईतदाराची नवी मोटार पाइपासकट विहिरीत बसली होती. पाणी चाळीस फूट. तळाशी जाऊन नट सोडायचे आणि दोर बांधायचा, म्हणजे दहा मिनिटांचे काम. एका दमाचे नव्हे. त्या बागाईतदाराने तोड काढली होती. विहिरी खोदताना सुरुंगाची भोके पाडायला ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर असतो, त्याचीच नळी तोंडात धरून आण्णांनी खाली जायचे. लागेल तेवढा वेळ थांबायचे. पैसे पाच हजार. आण्णा खुशीत होते. रविवारी सकाळी जायचे ठरले होते.

मी म्हणालो, "आण्णा, जाऊ नका."

"कामून?"

मी दाब, आकारमान, फुप्फुस असे सगळे भराभर सांगितले. सरांच्या भाषेत सांगितले. आण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तीस वर्षं झाली मला पाण्यात उतरून. तू समिंदरात दहा मिंटं गेला अन् मला शिकवाया आला व्हय?" मग थोडे थांबून, "कोन्त्या कागदावर लिव्हलंय हे? दाखव."

मी गप्प बसलो. आई चुलीपुढून म्हणाली, "पोरगं शिकलंय, काई तरी असंल म्हनून बोलतंय." आण्णा म्हणाले, "शिकलंय म्हनूनच तर भितंय." पाच हजार म्हणजे माझ्या खोलीचे तीन महिन्यांचे भाडे. ते पैसे कुणासाठी हवे होते ते मला माहीत होते, आणि हेही की मी सहलीला गेलो नसतो तर यातले थोडे कमी लागले असते.

रात्री झोप आली नाही. कागद दाखवून ते ऐकणार नव्हते. आणि खरे म्हणजे का ऐकावे? त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या कागदांपैकी किती कागदांनी त्यांचे भले केले होते? पहाटे एक गोष्ट सुचली. कंदील. त्यांनी वायू पुस्तकात वाचला नव्हता. कंदील विझताना पाहिला होता.

सकाळी मी त्यांना आमच्याच विहिरीवर घेऊन गेलो. हातात सोड्याची एक जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली आणि तिचे बूच. म्हणालो, "आण्णा, ही बाटली तोंड खाली धरून तळाला न्या. उलटी करू नका. खाली बघा किती पाणी आत आलंय. मग तिथंच, तोंड खालीच ठेवून, बूच घट्ट लावा आणि वर या."

"अन् मग?"

"मग तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. पण पाण्याची गोष्ट होती. पाण्याच्या गोष्टीला ते कधी नाही म्हणत नाहीत. उजव्या हातात बाटली धरून त्यांनी सूर मारला. आमच्या विहिरीत तेव्हा बत्तीस-तेहतीस फूट पाणी होते. मी कठड्यावर बसून सेकंद मोजत राहिलो. लहानपणापासून मोजत आलो आहे. साठाच्या पुढे गेले की पोटात गोळा येतो. सत्तर झाले तेव्हा ते वर आले.

पायरीवर बसून त्यांनी बाटली निरखली. "खाली निम्मी पान्यानं भरली व्हती," ते म्हणाले. "हवा निम्म्यावर आली." मग बाटली दाबून पाहिली. ती दगडासारखी झाली होती. त्यांनी बूच पिळले आणि हवा जोरात फुस्स करून बाहेर आली. बूच हातातून उडून पाण्यात पडले.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. बाटली पुन्हा दाबली. आता ती मऊ होती. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते हळू म्हणाले, "म्हंजी वरून नेलेला दम येगळा अन् खाली घेतलेला दम येगळा."

मी इतके दिवस जे सरांच्या भाषेत सांगत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मी नुसती मान हलवली. मग मी ट्रॅक्टरच्या धुराचेही बोललो. धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला की तोच नळीतून खाली येणार; त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायूही दिसत नाही, त्यालाही वास नाही. हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. "त्याला कंदीलबी कळत नसंल," ते म्हणाले. मी म्हणालो, "नाही कळत."

रविवारी ते त्या विहिरीवर गेले, पण नळी तोंडात धरली नाही. दोन दिवस दुसऱ्या मोटारीने पाणी उपसू द्या, पाणी पंधरा फुटांवर आणा, मग काढून देतो, असे सांगितले. बागाईतदार चिडला. डिझेलचा आणि खोटीचा हिशेब करून त्याने पाच हजारांचे दीड हजार केले. तिसऱ्या दिवशी आण्णांनी चार बुड्यांत नट सोडले, दोर बांधला आणि मोटार वर काढली. आपल्याच दमावर.

दीड हजारांतले हजार त्यांनी माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "ठेव. तुज्या त्या समिंदरातल्या पोराचे हाइत." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्याच्याकडं कागद व्हता म्हनलास?" मी म्हणालो, "हो, कार्ड आहे." "परीक्षा दिऊन?" "परीक्षा देऊन." ते म्हणाले, "चांगलं हाय. असा कागद असावा."

सोमवारी सकाळी मला एसटीत बसवून द्यायला ते फाट्यावर आले. वाटेत मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही कंदील सोडता, कान मोकळे करता, हे सगळं मी लिहून काढू का? आमच्या कॉलेजचा अंक निघतो." त्यांना हसू आले. "त्यात काय लिव्हायचं? सगळ्यांला ठाव हाय." मी म्हणालो, "सगळ्यांना नाही ठाऊक." एसटी आली. मी चढल्यावर त्यांनी खिडकीशी येऊन सांगितले, "मग बाटलीचंबी लिव्ह. अन् कंदील कधी सोडायचा ते नीट लिव्ह. अर्धवट लिव्हू नको, कुनी तेवढंच वाचून उतरंल."

म्हणून लिहितो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडावा आणि निदान एक विडी ओढून होईतो तिथे राहू द्यावा. ज्योत मंदावली तरी उतरू नये. ती विझायची वाट पाहू नये. आत कुणी पडला असेल तर त्याला काढायला लगेच मागोमाग उतरू नये. दुसरा माणूसही असाच जातो. कंदील पेटता राहिला म्हणजे सगळे ठीक असेही समजू नये. काही वायू त्यालाही कळत नाहीत. वरची हवा घेऊन बुडी मारली तर दम धरावा. नळीची हवा खाली घेतली तर दम कधीही धरू नये. आणि शिकल्यावाचून ती नळी तोंडात घेऊच नये.

यातले शेवटचे वाक्य माझे आहे. बाकीचे बहुतेक आण्णांचे.